अंजिराचं पाणी

कोरीट, रविवार सकाळ

लाडके दामिनी,

सुरतेला नोकरीला जाताना तू परसात लावलेली अंजिराची काडी आता माझ्या खांद्याला लागते. पण पहिली फळं पिकायच्या आतच तडकली, चवीला नुसती पाणचट. चूक माझीच. जन्मभर केळी केली, त्यामुळे पाणी देणं म्हणजेच माया, एवढंच ठाऊक. रोज ठिबक सोडत होतो. शेवटी तुझी आई चिडली, "केळ नही शे ती, अंजीर शे. तिले जरा तहान लागू द्या!" आणि तिने स्वतःच कॉक बंद केला.

ते ऐकून मी तुला उठता-बसता फोन करणंही थांबवलं. जेवलीस का विचारायला हात नुसता शिवशिवायचा.

काल नव्या बहराचं पहिलं अंजीर तोडलं. चिकाने बोटं खाजली, पण आत नुसता मध! तेवढ्यात तुझा फोन आला, आपणहून. नवी खोली, करपलेली भाजी, सगळं सांगत बसलीस.

पत्र लिहून झालं, पण पाकीट चिकटवून टपालात टाकत नाही. तुझी आई म्हणेल, यांनी पुन्हा कॉक उघडला.

इकडे मजेत असलेला,
तुझा बाप हेमकांत