ज्यात मी मरत नाही

११ सप्टेंबर १९७३, आल्मा-आता

पटकथा वाचून संपवली. एकशे चार पानं, त्यात चुका एकसष्ट. समासात पेन्सिलीनं सगळ्या मांडून ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात कोल्ह्याची टोपी! घोडीचं दूध काचेच्या पेल्यात! मेल्स म्हणे मॉस्कोत पाच वर्षं दिग्दर्शन शिकून आलाय. पाच वर्षं ह्यानं काय केलं, कोण जाणे.

माझी भूमिका अर्थातच कळपांच्या मालकाची. नवव्या पानावर गुराख्याला चाबकानं फोडतो, तिसाव्यावर गावाची विहीर बुजवतो. पण शेवट! शेवटी मी घोड्यावरून सरहद्द ओलांडून पळून जातो. मरत नाही! दोनदा वाचून खात्री केली.

आजवर एक्केचाळीस चित्रपट, एक्केचाळीस मरणं. गोळी लागून घोड्यावरून तेवीसदा, तलवारीनं सातदा, नदीत सहादा, फासावर चारदा आणि एकदा उंटाच्या लाथेनं. तो उंटवाला दिग्दर्शक हल्ली रेल्वेत तिकिटं तपासतो. लायकीच्या जागी पोचला.

वडिलांना लगेच पत्र टाकलं. त्यांनी माझं एकही काम पाहिलेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी पहिल्या चित्रपटाला बोलावलं, तेव्हा म्हणाले होते, "पोरगा मरताना बघायला मी तिकीट काढू?" त्यानंतर मीही कधी आग्रह केला नाही. आज लिहिलं – ह्यात मी मरत नाही. हा बघा.

१४ सप्टेंबर

बाजारात टरबुजं घ्यायला गेलो. म्हातारी विक्रेती म्हणते, "तुला नाही देणार. त्या अनाथ पोराचा घोडा मारलास तू." मी म्हटलं, "आजी, तो सिनेमा होता." तर म्हणे, "मग माझं टरबूजही सिनेमातलंच समज, जा."

एवढी एकच समीक्षा मला पटते. वर्तमानपत्रातला तो टकल्या लिहितो, 'ओराझाली हे नैसर्गिक अभिनेते आहेत.' नैसर्गिक! वयाच्या चोविसाव्या वर्षी, घोडे राखता राखता, शिळ्या वर्तमानपत्रांवरून रशियन वाचायला शिकलो मी. मालक कसा बसतो, नोकराकडे न बघता वाडगा कसा पुढे करतो, हे वडिलांनी तंबूत करून दाखवलेलं. ते अकरा वर्षं मालकाच्या पदरी होते. कुठल्या संस्थेत शिकवतात हे?

२० सप्टेंबर

आज भांडण.

मेजवानीचा प्रसंग. सामान सांभाळणारा दाउत मेंढ्याचं उकडलेलं डोकं घेऊन आला – खालचा जबडा तसाच! दात तसेच! तोंड पाहुण्याकडे करायचं, तर भिंतीकडे. सगळं स्वतः नीट करून घेतलं. तेवढ्यात मेल्स म्हणतो, "आगा, आता सुरी घ्या आणि कापायला लागा."

मी म्हटलं, "माझे वडील जिवंत आहेत."

त्याला कळेचना. बाप जिवंत असताना मुलगा डोकं कापत नाही. कापलं, की ताटाभोवतीच्या सगळ्यांना समजतं – ह्याचा बाप गेला. आपल्यात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. हा मात्र हसतो!

"आगा, पडद्यावर तुम्ही चाळीस-पन्नास माणसं मारलीत. त्यातलं एक तरी मेलं का?"

"त्यातला एकही माझा बाप नव्हता."

"पण कापणारा तुम्ही नाही, आगा, तो मालक आहे. मालकाचा बाप मेलेला आहे."

"मालकाला गावात कोणी ओळखत नाही. मला ओळखतात."

एक्केचाळीस चित्रपटांत मेजवान्या काही कमी झाल्या नाहीत. दर वेळी ताट शेजारच्या म्हाताऱ्याकडे सरकवत आलो. कोणाला पत्ताही लागला नाही, इतक्या सफाईनं. शेवटी मेल्स नमला. कॅमेरा माझ्या तोंडावर राहील, सुरी हातात घ्यायचीही गरज नाही. हात पुढे करून कबूल केलं त्यानं.

हात मऊ. लगाम कधी धरलेला नाही.

२ ऑक्टोबर

सरहद्द ओलांडली. एका दमात. घोडा माझ्यापेक्षा खूश.

३० नोव्हेंबर

बायकोला बोलून दाखवलं की ह्या वेळी वडील येतील बघ. राइखान म्हणाली, "पन्नाशी उलटली तरी बापानं शाबासकी द्यावी असं वाटतं का रे तुला?" असल्या प्रश्नांना उत्तरं देत नसतात.

१९ फेब्रुवारी १९७४

चित्रपट स्टुडिओत पाहिला.

मेजवानी येते. ताट येतं. माझा चेहरा – उत्तम. आणि मग पडदाभर दोन हात! माझ्या झग्याच्या बाह्या, माझी चांदीची अंगठी, आणि बोटं दाउतची! फुगलेली, नखांत काळं. सुरी घेतात आणि डोकं कापतात. तेही कसं – डावा कान आधी! उजवा कान आधी कापून घरातल्या लहान पोराला देतात, एवढंही त्या गाढवाला ठाऊक नाही. बाप युद्धात गेला त्याचा, कापायचा अधिकार होता बिचाऱ्याला. अक्कल नव्हती.

दिवे लागल्यावर मेल्सला धरलं.

"तू शब्द दिला होतास."

"पाळला ना! तुमचे हात कुठेत त्यात?"

"बघणाऱ्याला माझेच वाटणार."

"तेच तर कौशल्य आहे, आगा!"

ह्याला कौशल्य म्हणतात. जोडकाम! चांभारसुद्धा टाका दिसला तर लाजतो.

प्रती आधीच बाहेर गेल्यात. आता काही होत नाही.

३ मार्च

बहिणीचं पत्र. बातिमा लिहिते, सिनेमाची गाडी नऊ तारखेला गावच्या क्लबात येणार. सामूहिक शेतीच्या चेअरमननं वडिलांसाठी पहिल्या रांगेत पाठीची खुर्ची ठेवली आहे. वडिलांनी बुटांना चरबी चोळून घेतली. "ह्यात मरत नाही ना तो? मग जातो," म्हणाले.

एकोणऐंशी वर्षांचे आहेत. अख्खं गाव मागं बसणार. आणि पडद्यावर त्यांचा मुलगा सगळ्यांना सांगणार, की माझा बाप मेला.

मीच बोलावलं त्यांना. पत्र टाकून!

५ मार्च

रस्ते बर्फानं बंद. गावच्या पोस्टात फोन लावायला बसलो – तीन तास नुसती खरखर. मग तारघरात. मजकूर लिहिला: 'बाबा सिनेमाला जाऊ नका डोकं मी कापलेलं नाही.'

खिडकीतल्या चष्मेवाल्या मुलीनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"कोणाचं डोकं?"

"मेंढ्याचं."

"तुम्ही तेच ना, ज्यांनी मास्तरणीला नदीत ढकललं?"

"हो."

"मग जरा थांबा हं. साहेबांना बोलावते."

साहेब आले. टायला कालचं सूप. "नागरिक, असल्या मजकुराची तार जात नाही. बदलून आणा."

मी म्हटलं, मी लिहिलेला शब्द मी बदलत नाही. कागद फाडला आणि बाहेर पडलो.

राइखान म्हणाली, "त्या पोरीपुढे ताठा दाखवून काय मिळालं? 'मेंढ्याचं' एवढा एक शब्द घातला असता, तर गेली असती तार."

८ मार्च

परत गेलो. शब्द घातला. महिला दिनाची सुट्टी, तारघर बंद. दारावर फुलं लावलेली.

९ मार्च

आज.

१२ मार्च

मेल्सचा निरोप – चित्रपट गाजतोय, पुढचाही माझ्याबरोबरच करणार. त्यात गद्दार आहे, बर्फात गोठून मरतो. बर्फात अजून मेलो नाही, नवीन आहे, म्हणे! निरोप आणणाऱ्याला दारातूनच घालवलं.

वडिलांना पत्र लिहायला बसलो. चार ओळी होतात, मग त्या मी सारवासारव केल्यासारख्या वाटतात. सारवासारव मी कधी केलेली नाही. पाच कागद गेले.

२३ मार्च

बातिमाचं पत्र आलं. लिहिते – ते हात पडद्यावर आले, तसा सगळा क्लब बाबांकडे वळला. चेअरमननं टोपी काढली. बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "टोपी घाल रे. हे हात ओराझालीचे नाहीत. त्यानं डावा कान आधी कापला असता होय?" चेअरमन म्हणाला, "आजोबा, तुम्ही कधी सिनेमा बघत नाही, तुम्हाला काय कळणार?" तर बाबा म्हणाले, "दर वेळी पलीकडच्या गावी जाऊन बघतो. इतक्यांदा मरताना पाहिलंय त्याला, हात ओळखणार नाही?"

बातिमा विचारते, तुला ठाऊक होतं?