पिवळी टोपी

रविवार, १३ मे २००७, संध्याकाळ

ती पिवळी टोपी डोक्यातून जात नाही. धाकट्या बहिणीला, बेबीला, पहिल्यांदाच वॉटर पार्कला नेलं. मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत तासभर उभ्या होतो. आमचा नंबर आला, तेवढ्यात कॉलेजच्या सहलीतल्या चाळीसेक मुली पुढे घुसल्या. सगळ्यांना सारख्या पिवळ्या टोप्या.

"आमची बॅग होती इथे," एक म्हणाली.

"बॅगेला कसला नंबर?" मी भांडले.

त्यांचे सर शिट्टी फुंकत आले. "आपापसात भांडता काय गं? आणि तुझी टोपी कुठंय? हरवलीस ना? ही घे, चल!"

मी त्यांच्यातली नाही, एवढंच सांगायचं होतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, पण वडिलांनी, आप्पांनी, कॉलेजच्या तीन वर्षांत एकाही सहलीला सोडलं नाही. त्या मुली एकमेकींना कशा बिलगून हसत होत्या! मी टोपी घातली. त्यांच्याबरोबर ओरडत खाली आले. बेबी वर रांगेतच राहिली, माझ्याकडे बघत.

घरी येताच बेबी आईला म्हणाली, "ताईनं काय झाडलं त्या घुसणाऱ्या पोरींना! रांग सोडून एक पाऊल न्हाय टाकलं तिनं."

टोपी माझ्या पर्समध्ये होती. अजून ओली आहे.