नदी कुठून निघते

४ फेब्रुवारी

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण बातमी पक्की होईपर्यंत कुणाला कळवायचं नाही अशी लेकीची ताकीद होती. तुमची भाची आई होणार आहे! जूनमध्ये. बाळंतपणाला मी तिच्याकडे परदेशी जाणार. तुमच्या बंधुराजांनी विमानाचं तिकीटही काढलंय. कपडे दुरुस्तीचं दुकान ते एकटे सांभाळतील म्हणे. उसवण्यापलीकडे त्यांना काय जमतं ते बहीण म्हणून तुम्ही जाणताच.

माझी काळजी वेगळीच आहे. लग्नात मी आणि विहीणबाई शेजारीशेजारी बसलो होतो, दोन फुलदाण्यांसारख्या. त्यांना इंग्रजीच येतं आणि मला नेमकं तेच येत नाही. तेव्हा मध्ये लेक होती, ती इकडचं तिकडे पोचवायची. पण या वेळी लेक दवाखान्यात आत असेल, ताई. बाहेर आम्ही दोघी, एकाच मुलीसाठी जीव टांगणीला लागलेल्या, आणि दोघींत एक शब्द नाही. ते मला सोसायचं नाही. तुम्ही जन्मभर इंग्रजीतून शिकवलंत. मला शिकवाल? बंधुराज म्हणतात, हातवाऱ्यांवर भागेल. त्यांचा सगळा संसार हातवाऱ्यांवर भागला, माझं नाही भागायचं.

पत्राची वाट पाहणारी,
तुमची सुई

११ फेब्रुवारी

चि. सौ. सुईस,
अ. उ. आ.

बातमीनं घर उजळलं. तुझी मागणी वाचून मात्र घाम फुटला. अगं, मी इंग्रजी कुठे शिकवलं? मी भूगोल शिकवला, इंग्रजीतून. डोंगर, नद्या, पठारं, वाळवंटं एवढ्यावर माझी गाडी सुसाट चालते. त्याबाहेर कुणी इंग्रजीत बोलू लागलं की मी अजूनही डोकं दुखत असल्याचं सोंग आणते.

तेव्हा मी शिकवीन तो भूगोलच. सोबत वर्गातला जुना नकाशा पाठवतेय. त्यावर देशांची नावं नाहीत, नुसते रंग आहेत. हिरवं ते सखल, तपकिरी ते उंच, निळं ते पाणी. मशीनसमोर टांग. पहिला पाठ नदीचा: ती डोंगरात निघते, खाली उतरते, वळते, तिला दुसरी येऊन मिळते, शेवटी ती समुद्राला जाते. इंग्रजी वाक्यं मागच्या पानावर आहेत, मोठ्यानं म्हणायची. या वयात तू नवी वही उघडतेस, याचं मला फार कौतुक वाटलं.

त्या नाठाळ भावाला सांग, बहिणीनं कान धरलाय.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

नकाशा टांगलाय. गिऱ्हाइकं त्याला हात लावून विचारतात, याचा मीटरचा भाव काय. घड्यांचे पर्वत मला एका वाचनात समजले. कापडाला दोन्हीकडून रेटलं की मध्ये चुणी उभी राहते, तशीच ती जमीन. तुम्ही किती सोपं करून लिहिता! काल एका परदेशी पाहुण्याच्या पँटचे पाय खालीवर होते. मी सरळ सांगून टाकलं, धिस साइड इज हायर. तुमचा पठाराचा पाठ! तो खूश होऊन मान डोलवत राहिला आणि बंधुराजांच्या हातातला चहा गार झाला.

पण एक सांगते, रागवू नका. तुमच्या पाठांत सगळी उत्तरंच आहेत. सर्वांत लांब पर्वतरांग कुठली, हे मला तिथे कोण विचारणार? विहीणबाई मुलखाच्या अबोल. माझ्याजवळ सांगण्यासारखं फार नाही, ऐकायला मात्र मी बसेन. मला प्रश्न शिकवा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, तो पोटात घाला.

तुमची,
सुई

२९ मार्च

चि. सौ. सुईस,
अ. उ. आ.

आधी रागच आला, मग हसू. इतकी वर्षं प्रश्न मी माझ्याजवळ ठेवले आणि मुलांकडून उत्तरं काढून घेतली. त्यांतल्या एकानंही कधी प्रश्न मागितले नाहीत गं. तू मागितलेस. म्हणून सगळे पाठ उलटे करून पाठवतेय. व्हेअर डझ इट बिगिन, म्हणजे ती कुठून निघते? मग कुठे वळते, कोण येऊन मिळतं, धबधबा आहे का, आणि पुढे.

एक गोष्ट सलते. बाळ, कळा, दूध यांतला एकही शब्द मी तुला दिला नाही. कडेवर नातवंड आणि तोंडात वाळवंट, अशी गत होऊ नये म्हणजे मिळवली.

सुखरूप जा.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

नात झाली. दोघी सुखरूप आहेत. आता सावकाश वाचा.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि घाईघाईनं काही बोलल्या. शस्त्रक्रिया करायची एवढंच मला कळलं. जावईही लेकीबरोबर आत गेले आणि दार बंद झालं. विहीणबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, तिची कडी सारखी वाजत होती. तेव्हा समजलं, त्यांचाही जीव आतच आहे. कळा, बाळ, लेकीकडून पाठ करून घेतलेले सगळे शब्द मी विसरले. तोंडातून एकच निघालं, की तुमच्या गावची नदी कुठून निघते?

त्यांनी मान वर केली. मग म्हणाल्या, गावामागच्या डोंगरात, एका दगडाखालून. मी विचारलं, मग कुठे वळते? त्या मांडीवरच्या कोटावर बोटानं नदी काढू लागल्या. एका वळणावर त्यांची शाळा होती. दुसऱ्या वळणावर त्यांचा भाऊ बुडाला. निम्मं मला कळलं नाही, ताई, पण वळण आलं की कळत होतं. मी म्हणायचे, आणि पुढे? बाई इतकं बोलू शकतात हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. पर्सची कडी वाजायची कधी थांबली, त्यांना कळलंच नाही. नदी समुद्राला पोचायच्या आत दार उघडलं आणि नर्स हसत बाहेर आली.

तुमच्या डोंगरांनी आम्हा दोघींना धरून ठेवलं. तुम्ही इंग्रजी ऐकलं की डोकं दुखल्याचं सोंग आणत असाल, पण माझ्या लेखी तुमच्याएवढं इंग्रजी कुणाला येत नाही.

आता अडचण ऐका. आज नातीच्या लंगोटांच्या घड्या घालताना विहीणबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं, माझ्याकडे वळून बसल्या आणि विचारलं, आमच्या गावची नदी कुठून निघते? मला येतं ते सगळं विचारायचंच. त्या वाट बघताहेत. ताई, आता उत्तरं पाठवा.

सगळ्यांत आधी नातीला आशीर्वाद, आणि उरलेली माया मला.

तुमची,
सुई