खारं म्हणजे मीठच, दादा!

प्रिय दादा,

तू गेल्यावर तुला कधी पत्र लिहीन, असं वाटलं नव्हतं. पण आज राग आवरेना, आणि तो तुझ्याखेरीज कुणावर काढू?

आज बोईसरहून डॉक्टर आपल्या दांडी गावात आला होता. वहिनीच्या दंडाला पट्टा बांधून म्हणाला, "रक्तदाब फार आहे. मीठ बंद करा, नाहीतर हृदयावर बेतेल." वहिनीनं मान डोलावली. घरी येऊन अळणी भात रांधला, आणि त्याच्याबरोबर बरणीतला खारवलेला दाढा भाजून घेतला!

"वहिनी, हे काय?"

"मीठ नाय घातलं भावजी, तुमीच चाखा भात."

"आणि हा मासा?"

"ते मीठ नाय. ते खारं हाय!"

हे तुझंच वाक्य ना रे? पालघरच्या डॉक्टरनं तुला मीठ सोडायला सांगितलं, तेव्हा पानातली चिमूट तेवढी गेली. "मिठाला शिवत नाय मी," असं बंदरावर छाती काढून सांगायचास. त्याच छातीत कळ आली, तर म्हणे वायू! ओवा चावत बसलास. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणालास, "मास्तर, तू कविता म्हन. वायू मला कळतो."

पोरांना समुद्राच्या कविता शिकवण्यात माझा जन्म गेला. आजही एखादी ओळ आठवली की मी हरवतो. पण त्या कवितांतला समुद्र नुसता गातो रे! पावसात होड्या ओढून ठेवल्यावर चुलीवर काय चढतं, ते एकीतही नाही. खारंच ना? डॉक्टर तरी विचारतो का? शेजारी तारापुरात अणूतून वीज काढायची तयारी चाललीय, आणि इथं खारं म्हणजे मीठच, एवढं कुणी कुणाला सांगत नाही!

"फेका ती बरणी!" मी ओरडलोच.

वहिनीनं बरणी पोटाशी धरली. "तुमच्या दादाच्या हातचं शेवटचं हाय. कसं फेकू?"



डॉक्टर परत येईल तेव्हा मी त्याच्याबरोबर घरोघर फिरेन. तो 'मीठ' म्हणाला, की मी 'आणि खारं' म्हणेन. आणि तुझी बरणी उद्या माझ्या हातानं भरतीत रिकामी करीन. वहिनी रडेल, मला शिव्या घालील. घालू दे. शिव्या घालायला ती राहिली पाहिजे.

तुझ्यावर रुसलेला,
तुझा धाकटा काशिनाथ