मोठ्या काकांपुढं गुडघे टेकले, त्याची हकीकत

मुटारे, रविवार दुपार

आत्याला फुंगिसाईचा गुडघे टेकून, दोन टाळ्यांचा नमस्कार.

तू बरी असशील तर मीही बरी आहे. पायाची सूज उतरली का? शेळी व्याली का? आईचं बरं चाललंय. पण हे पत्र लिहितेय ते तिला सांगितलेलं नाही, म्हणून तिचा नमस्कार यात नाही. तो तू धरून घे.

तुला वाटेल, तोंडातून शब्द न काढणारी पोरगी एवढं कसं लिहिते. लिहिताना समोर कुणी बघत नसतं, म्हणून जमतं. (शाळा सुटली तरी अक्षर सुटलेलं नाही.)

मी कॅसिनोत चहा द्यायचे हे तुला ठाऊक आहे. दिवस असे आले की पत्ते वाटणारे, रूलेटचं चक्र फिरवणारे सगळे चांगले लोक सीमेपलीकडं दक्षिण आफ्रिकेत गेले, आणि एक दिवस आमचे सुपरवायझर मुरेवा साहेब इकडंतिकडं बघतात तर किटली धरून मीच उरलेली. बारा दिवस शिकवून त्यांनी मला चक्रावर उभं केलं. मला फारसं बोलता येत नाही हे त्यांना फार आवडलं. गिऱ्हाईक पण पहिल्यासारखं नाही. पूर्वी म्हणे बडे व्यापारी यायचे. आता मास्तर येतात, नर्सबाया येतात, आणि निम्मे तर नुसते फोन चार्ज करायला येतात, कारण वस्तीत वीज नसते आणि आमचा जनरेटर चालू असतो. दुकानदार फाटका डॉलर घेत नाही, आम्ही घेतो. माणसं म्हणतात, नाहीतरी चालत नव्हता, लावून बघू. (असं म्हणताना कुणी हसत नाही, आत्या. प्रार्थनेला उभं राहावं तशी उभी असतात.)

आमच्या कपड्यांना खिसा नसतो आणि डोक्यावर कॅमेरा असतो. नियम असा की गिऱ्हाइकाच्या हातातून पैसे घ्यायचे नाहीत. त्यानं टेबलावर ठेवायचे, मग आपण उचलायचे. आणि आपले हात कायम टेबलाच्या वर.

मंगळवारी दुपारी काळा चष्मा घातलेला एक म्हातारा माझ्या टेबलाशी आला. मोठे काका. तेच, ज्यांनी घरच्या बैठकीत सांगितलं होतं की कॅसिनोत काम करणारी पोरगी या घरातली नाही. घरी ते डोळे तपासायला शहरात जातो म्हणून सांगतात. (चष्मा त्यासाठी.) मी मान वर केली, आणि ते मला ओळखायच्या आत त्यांनी दहाची नोट पुढं केली. हातानं. आता वडीलधाऱ्यानं काही दिलं की टाळी, गुडघे आणि दोन्ही हात, हे तूच माझ्या अंगात भिनवलंस. मी काही ठरवलं नाही, गुडघ्यांनी ठरवलं. मी पडले बुटकी. खाली गेल्यावर टेबलाच्या वर माझं काहीच उरलं नाही. कॅमेऱ्याला एवढंच दिसलं की पोरीनं हातातून नोट घेतली आणि जमिनीत गेली. चक्रातली गोळी थांबली तेव्हा नंबर सांगायला कुणी नव्हतं.

दोघा रखवालदारांनी मला उचलून उभं केलं. मुरेवा साहेबांनी काकांना विचारलं, ही तुमची कोण? काकांनी चष्मा नीट केला.

"मी या मुलीला ओळखत नाही."

(पेत्रानं ओळखत नाही म्हणत येशूला नाकारलं, त्या गोष्टीवर दर वर्षी चर्चमध्ये सगळ्यांना काकाच रडवतात.)

"अनोळखी माणसापुढं कोण गुडघे टेकतं गं?" साहेब मला म्हणाले. "काय ठरलं होतं तुमचं?"

काका आहेत म्हणावं तर वडीलधारा माणूस चारचौघांत खोटा पडतो, आणि ते कसं करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. शुक्रवारी माझी चौकशी आहे.

संध्याकाळी काका फाटकाबाहेर थांबलेले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बँकेत ठेवले ते महागाईत, मी झोपलेलो असताना गेले. पंचवीस वर्षं मास्तरकी केली पोरी, आणि शेवटी त्यात एक पाव आला. इथं निदान माझ्या डोळ्यांदेखत जातात." मला राग आला होता, तो कुठं ठेवावा कळेना. मी दोन भाजलेली कणसं घेतली. आम्ही ती उभ्याउभ्याच खाल्ली.

बाकी सर्व ठीक. उत्तराची घाई नाही.

तुझी
फुंगिसाई

ता. क. घरात मोठ्या भावाला बोलायचा हक्क फक्त तुला आहे. शुक्रवारी सकाळी दहाला त्यांना इथं पाठव. त्यांनी साहेबांपुढं एकच वाक्य बोलायचं, की ही माझ्या भावाची मुलगी. मग आठवड्याचा पगार कापतील, पण नोकरी राहील. नाहीतर चोर म्हणून काढतील, आणि आमच्या घरात पगार म्हणावा असा हा एकच आहे.

ता. क. २. उत्तराची घाई नाही असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहिलं.

ता. क. ३. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे आज गावी निघालेल्या मोठ्या काकांच्याच हाती पाठवतेय. आत काय आहे विचारत होते. मी म्हटलं, ख्यालीखुशाली. पाकीट फोडलेलं आलं तर त्यांना काही बोलू नकोस. नुसतं त्यांच्याकडं बघत बस.