डावी बाजू कुणाची होती

प्रिय जयराज,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. पल्लवी सिस्टरने पत्ता लिहून दिला, नाहीतर माझ्या अक्षरावरून पोस्टमनला शिराळा सापडला नसता. फोन का केला नाहीस, असं विचारू नकोस. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘जाऊ दे गं’ म्हणतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, एवढा एकच फायदा. मुद्द्याचं आधी सांगते. तू सांगलीला परत ये आणि ट्रेनिंगचं राहिलेलं दीड वर्ष पूर्ण कर. एक तारखेपर्यंत तुझी जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं सरांनी कबूल केलंय. हे कसं जमलं ते शेवटी लिहिते. त्यासाठी मला अजून थोडा धीर गोळा करायचाय.

तू जाऊन चौदा महिने झाले. ऑपरेशनच्या टेबलापलीकडे आता क्रांती उभी असते. पोरगी हुशार आहे, पण मी हात पुढे केला की काय हवंय ते विचारते. तुला कधी विचारावं लागलं नाही. तू तिकडे तुझ्या नानासोकाकांच्या दवाखान्यात बाळंतपणं आणि सिझेरियन करतोस, कॅन्सरचा संशय आला की बाईला चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवतोस. त्या चिठ्ठ्या मी सरांच्या आधी वाचते. तपासणी इतकी नेमकी लिहिलेली असते, की हा माणूस बाळंतपणांच्या गर्दीत काय करतोय, म्हणून माझा जीव जळतो. प्रत्येक चिठ्ठी ‘आदरणीय सर’ अशी सुरू होते आणि खाली नुसती सही असते. मी उलटून मागची बाजूही बघते. हसू नकोस. तिथं कधीच काही नसतं.

गेल्या पंधरवड्यात एक फॉर्म आला. बायकांच्या कॅन्सरची ऑपरेशनं शिकणाऱ्या राज्यातल्या सगळ्या ज्युनिअर डॉक्टरांनी कळवायचं, की शिकण्यात काय कमी पडतंय. मला तर हा फॉर्म भरताना चेव आला. लिहिलं, की अडीच वर्षांत कात्रीपेक्षा रिट्रॅक्टरच जास्त धरला, पेशंटचं पोट ताणून धरता धरता खांदे गेले. गाठी मारायचा सराव आम्ही हॉस्टेलच्या बादलीच्या कडीला दोरे बांधून केला. ओटीपोटातल्या मोठ्या शिरांलगतच्या गाठी काढताना उजवी बाजू सर करून दाखवतात आणि डावी आमच्यापैकी ज्याची पाळी असेल तो करतो, पण ती पाळी महिनोन्‌महिने येत नाही, आणि आली की सरांना नेमकं दुसऱ्या थिएटरमधून बोलावणं येतं. तिशीतल्या बाईला ‘पिशवी काढावी लागेल’ हे कसं सांगायचं, ते कुणीच शिकवत नाही. खरं तर ते मी तुझं बघून शिकले. बाप्या डॉक्टर म्हणून पदर तोंडावर ओढणाऱ्या बायका तुझ्याशी बोलायला लागायच्या, कारण तू आधी त्यांच्या म्हशीची नाहीतर शेरडांची चौकशी करायचास. मी म्हसवडची, माझ्या आजोबांची मेंढरं होती, आणि तरी हे तुला सुचायचं, उसाच्या रानातल्या माणसाला. याचा मला राग यायचा.

शेवटचा प्रश्न होता, शिकताना हातून चूक झाली तर ती कुणाला सांगता? तिथं पेन थांबलं. फॉर्म तीन दिवस उशाखाली पडून राहिला.

आणि गुरुवारी आटपाडीहून तानुबाई तपासणीला आल्या. आठवतात ना? सहा बाटल्या रक्त लागलं होतं, बारा दिवस आयसीयूत होत्या. आता ठणठणीत आहेत. डाळिंबं घेऊन आल्या आणि तुलाच शोधत होत्या. ‘आवं बाई, त्यो शिराळ्याचा डाक्टर कुटं गेला? लय जीव लावला हुता त्यानं. त्येला सांगा, मी हाय म्हनावं.’ मी मान डोलावली आणि हात धुवायच्या खोलीत जाऊन रडले.

आता ते लिहिते. त्या दिवशी पाळी तुझी होती. वर्षभरात मला एकदाच मिळालंय म्हणून मी हट्ट धरला, आणि तू मुकाट्यानं जागा बदललीस. सर शेजारच्या थिएटरमध्ये होते. गाठ शिरेला चिकटली होती. थांबायला हवं होतं. मी ओढली, आणि शीर फाटली. तू बोटांनी दाबून धरलीस आणि सर येईपर्यंत हललासुद्धा नाहीस. रक्त थांबल्यावर त्यांनी विचारलं, डावी बाजू कुणाची होती? तू म्हणालास, माझी. मी गप्प बसले. नंतर तुला सगळ्यांसमोर बोलणी बसली, चार महिने हातात कात्री मिळाली नाही, तरी मी गप्पच. शेवटी तू शिकणं अर्धवट टाकून निघालास, मी स्टँडवर तुला सोडायला आले, तेव्हाही. काल सकाळी मी सरांना सगळं सांगितलं. पुढच्या तपासणीला तानुबाईंनाही सांगणार आहे, सर सोबत बसतील. सहा महिने मला कात्री नाही, आणि ते बरोबरच आहे. तुझी जागा एक तारखेपर्यंत राखायचं सरांनी तेव्हाच कबूल केलं. मग म्हणाले, त्यानं स्वतःवर का घेतलं? मला कारण माहीत होतं, पण ते तू मला कधी सांगितलं नाहीस, म्हणून मीही त्यांना सांगितलं नाही. माझ्याकडेही तेच कारण होतं रे जयराज, आणि तरी मी तुला जाऊ दिलं. माफ कर असं म्हणायचा हक्क मला नाही. तू नुसता ये. डावी बाजू तू कर, मी रिट्रॅक्टर धरीन. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस तरी धरीन.

उशिरा का होईना, पण तुझीच,
उत्कर्षा