काचघरातलं सातचं टेबल

१० जानेवारी
डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, वहीत लिहा. मला राग येत नाही. चुकीचं दिसलं की मी सांगतो, एवढंच. पण डॉक्टरांचं मन कशाला मोडा, म्हणून ही वही. कोणी वाचणार नाही.

मुलीनं आम्हाला क्रूझची तिकिटं काढून दिली आहेत. १६ मार्चला लग्नाला पस्तीस वर्षं होतात, ऐन समुद्रात. एकूण सात रात्री. सोबत मेव्हणी आणि साडू. साडूचं रंगाचं दुकान आहे. आयुष्यात कुठेही वेळेवर पोचल्याची त्याची नोंद नाही.

ही माहितीपत्रक चाळत होती. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, इथं एकदा दोघंच बसूया. नववा मजला, जहाजाचं मागचं टोक, ‘काचघर’ नावाचं रेस्टॉरंट. काचेला लागून दोघांचं टेबल, समोर सूर्य बुडतोय. पस्तीस वर्षांत हिनं काही मागितल्याचं आठवत नाही. मागितलं असेल, मी डेपोत असेन. शब्द दिला. १६ मार्च, संध्याकाळी सात, काचेजवळ. विषय संपला.

११ जानेवारी, सकाळी ८.५०
बुकिंग बरोबर साठ दिवस आधी, नऊला उघडतं. मी साडेसातपासून बसलोय. बस डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं लावली. रोजच्या दोनशे बारा गाड्या. सात जेवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

९.४०
काचघर मिळालं. सातचं, काचेजवळचं. बाकीच्या रात्रींसाठीही चार्ट तयार. पहिल्या रात्री नुसतं ग्रिल, पुढं प्रत्येक रात्री एक मुख्य रेस्टॉरंट आणि त्याच वेळेला दुसरं एक राखीव. डेपोत आम्ही याला जादा गाडी म्हणायचो. एक बंद पडली की दुसरी हजर. काचघराला जादा ठेवली नाही. तिथं काही बिघडूच देणार नाही.

साडूला फोन करून विचारलं, तुझं बुकिंग? तो म्हणाला, भूक लागेल तिकडे जाऊ. अशी माणसं देश कसा चालवणार.

१२ मार्च, जहाजावर, रात्री ८.१५
पहिलं जेवण, ग्रिल. टेबल स्वयंपाकघराच्या दाराला लागून. दार उघडलं की माझ्या कोपराला लागतं. मी बदलून मागितलं. वेटर म्हणाला, सगळी भरली आहेत. मी म्हटलं, मी साठ दिवस आधी बुक केलंय. तो म्हणाला, सगळ्यांनीच. उर्मट. मी उभाच राहिलो. बसणं म्हणजे मान्य करणं. ही वीस मिनिटं बसून राहिली, मग म्हणाली, मी वर जाते. अकराव्या मजल्यावर फुकटची बुफे आहे. साडू-मेव्हणी तिथंच असतात. मी खोलीत येऊन बिस्किटं खाल्ली. हिनं वर माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती म्हणे. मला काय माहीत.

१३ मार्च, सायंकाळी ७.२०
कमाल झाली. पास्ताच्या रेस्टॉरंटमध्ये नाव नाही. जादाच्या ठिकाणीही नाही. पाचव्या मजल्यावर पाहुण्यांच्या काउंटरवर गेलो. तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, एका वेळेला दोन बुकिंग दिसली की सिस्टिम दोन्ही रद्द करते. मेल गेलाय आपल्याला. मी म्हटलं, मोबाईल बंद करून तिजोरीत ठेवलाय, रोमिंग लागतं. ती पुन्हा हसली. हसण्यासारखं काय होतं?

म्हणजे जिथं जिथं मी खबरदारी घेतली, तिथंच माझी बुकिंग गेली. फक्त काचघर शाबूत, कारण त्याला जादा गाडी नव्हती. माझी दूरदृष्टी.

पुन्हा बिस्किटं. हिनं बुफेतून नॅपकिनमध्ये गुंडाळून दोन पाव आणले. गार. पण चव होती.

१४ मार्च, रात्री ८.५०
आज अक्षर वाकडं आलंय, डॉक्टरांनी माफ करावं.

सकाळी काउंटरवर पन्नास मिनिटं उभं राहून ग्रिलचं सातचं टेबल मिळवलं. हिला सांगितलं, मी निघ म्हटल्याशिवाय निघायचं नाही. सातला पाच कमी असताना निघालो. वाटेत ही दोनदा म्हणाली, अहो, आठ वाजत आलेत. मी घड्याळ दाखवलं. निवृत्तीच्या दिवशी डेपोनं दिलेलं घड्याळ. सात वर्षांत एका मिनिटानं पुढं-मागं नाही.

दारात मॅनेजर म्हणाला, आपलं टेबल सातचं होतं, पंधरा मिनिटं वाट पाहिली, मग दुसऱ्यांना दिलं, नियम आहे. काल रात्री म्हणे जहाजाची घड्याळं एक तास पुढं केली. खोलीत चिठ्ठी टाकली होती. कोणाला विचारून? आणि पंधरा मिनिटं ही काय वाट पाहणं झालं? आमच्या डेपोत शेवटची गाडी एका म्हातारीसाठी वीस मिनिटं थांबायची.

आत पाहिलं तर माझ्या टेबलावर साडू. आयत्या बिळावर नागोबा. म्हणाला, अरे या, कोणीतरी आलंच नाही म्हणून आम्हाला मिळालं, दोन खुर्च्या ओढू. ही बसली. मी बसलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. बाहेरून, दाराच्या काचेतून दिसत होतं, ही हसत होती. डेपोच्या वर्षांत हिला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा मी घरी नसायचो, हेही आहेच.

१५ मार्च, दुपारी ४.१०
संतापून उपयोग नाही. पद्धत हवी. घड्याळाला हात लावणार नाही. जहाजाला काय, उद्या आणखी एक तास सरकवेल, मी काय काटे फिरवत बसू? त्यापेक्षा सूत्र: जहाजाची वेळ म्हणजे माझी वेळ अधिक एक. काचघर सातला, म्हणजे माझ्या घड्याळात सहाला. चार्टवर लाल पेनानं लिहिलं. हिला समजावलं. ती म्हणाली, सरळ काटा फिरवा ना. बायकांना गणित नको असतं.

हिनं आज मोतिया रंगाची साडी इस्त्री केली. उद्यासाठी. मी म्हटलं, मी आधी जाऊन टेबल तपासतो, तू वेळेवर दारात ये. ती म्हणाली, या वेळी नक्की याल ना. मी म्हटलं, मी? हा काय प्रश्न झाला.

सायंकाळी ७
खोलीत कसलीशी चिठ्ठी पडलीये. हिनं वाचून सांगायला सुरुवात केली, आज रात्री घड्याळं... मी म्हटलं, मला घड्याळ शिकवू नकोस. चिठ्ठी तिनं आरशाला लावली.

१६ मार्च, सायंकाळी ६.१५
लग्नाचा वाढदिवस. माझ्या घड्याळात बरोबर सहा, म्हणजे जहाजाचे सात. काचघराच्या दारात मी. दार बंद. आत दिवे बंद. एक माणूस खुर्च्या लावतोय. काच ठोठावली. त्यानं हातानं नंतर या अशी खूण केली. नंतर? आणि ही कुठं आहे? आजच्या दिवशी तरी वेळेवर यावं ना. दहा मिनिटं थांबलो. ही नाही.

मग मात्र माझा बांध फुटला. सरळ पाचवा मजला. रांगेत नऊ माणसं.

६.४५
काउंटरशेजारीच उभ्यानं लिहितोय. काउंटरवरच्या मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, साहेब, काचघर सातला उघडतं. मी म्हटलं, सात केव्हाच वाजून गेले. तिनं मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. त्यात साडेसहा. मी म्हटलं, ते बंद पडलंय. ती म्हणाली, काटा फिरतोय साहेब. मी म्हटलं, फिरेल, पण चुकीचा. हा तक्रारीतला मुद्दा क्रमांक चार.

तिनं फॉर्म दिला. फॉर्मवर चारच ओळी. मी पाठपोट लिहून आणखी तीन कागद मागितले. तिनं विचारलं, साहेब, आपण सातला वर जाणार ना? मी म्हटलं, आधी न्याय.

रात्री ९.१०
तक्रार दिली. सात मुद्दे, दोन उपमुद्दे, शेवटी सही. पावती घेतली. मग वर गेलो.

काचघर उघडं होतं. काचेजवळच्या टेबलावर ही एकटी बसली होती. मोतिया साडी. समोरची खुर्ची रिकामी. समोरच्या ताटात चमचे तसेच ठेवलेले. बाहेर अंधार झालेला. तिचं जेवण झालं होतं.

आधी मी विचारलं, तू सहाला का आली नाहीस. ती म्हणाली, जहाजानं काल रात्री तास परत मागं घेतला. चिठ्ठी आरशाला लावली होती. मी सातला आले. मॅनेजर म्हणाला, पंधरा मिनिटांचा नियम आहे. मी म्हटलं, आमचा लग्नाचा वाढदिवस आहे, येतीलच ते. त्यांनी आठपर्यंत काही विचारलं नाही. मग मी मागवलं.

सूर्यास्त कसा होता, मी विचारलं. ती म्हणाली, छान होता. तांबडा. मी म्हटलं, चूक जहाजाची आहे, रोज काटे हलवतात. ती नॅपकिनची घडी घालत म्हणाली, एकटीनं जेवायची मला सवय आहे. आज नको होती.

मी बसलो. वेटरनं विचारलं, काही आणू? मी म्हटलं, सूप. तो म्हणाला, सूप संपलं.

१७ मार्च, सकाळी ११
तक्रारीला उत्तर आलं. दारातून सरकवलं होतं. एकच कागद. ‘आमच्या नोंदीप्रमाणे आपलं आरक्षण पाळण्यात आलं. टेबल सात ते पावणेनऊ आपल्या नावावर होतं. मुद्दा क्रमांक चारसंबंधी: भिंतीवरचं घड्याळ तपासण्यात आलं, ते बरोबर आहे.’

उद्धटपणा. साडूला दाखवलं. तो वाचून म्हणाला, जाऊ दे रे. एवढंच. तेच जास्त लागलं. आरशावरची चिठ्ठी मी काढली. तिच्यावर लिहिलंय, घड्याळं एक तास मागं घ्यावीत. अक्षर मोठं आहे. चष्म्याशिवाय वाचता येतं.

सूत्रात चूक नव्हती. सूत्र जुनं झालं होतं. डेपोतही असं व्हायचं.

१८ मार्च, सायंकाळी ६.४०
शेवटची रात्र. आज बुकिंग नाही, रांग नाही, चार्ट नाही. चार्ट कचऱ्यात टाकला. हिला म्हटलं, आज मी बुफेला येतो, तुमच्यात. ती म्हणाली, सातला. मी म्हटलं, सात म्हणजे सात. तिनं चेहऱ्यावर पावडर लावली. मीही स्वच्छ शर्ट घातला.

आणि आता खरी गंमत. खोलीबाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळाशी मी माझं घड्याळ ताडून बघितलं. सेकंदाला सेकंद. जहाज अखेर माझ्या घड्याळावर आलं. सगळ्या प्रवासात मी एकटाच बरोबर होतो. हे कोणाला तरी लेखी मान्य करावं लागेल. अजून वीस मिनिटं आहेत. पाचव्या मजल्यावर पाच मिनिटांचं काम.

७.५०
पाचव्या मजल्यावर काउंटरची मुलगी म्हणाली, साहेब, घड्याळ बरोबर आहे हे लिहून द्यायचा आमच्याकडे फॉर्म नाही. मग मॅनेजरला बोलावलं. तो चांगला होता. त्यानं साध्या कागदावर लिहून दिलं, ‘पाहुण्यांचं घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळतं.’ सही, शिक्का. कागद खिशात घालून मी धावतच अकराव्या मजल्यावर गेलो. सात वाजून चोवीस.

खिडकीजवळचं मोठं टेबल. साडू, मेव्हणी, ही. हिच्या शेजारच्या खुर्चीत एक नर्सबाई, एकट्याच प्रवास करतात म्हणे, सगळ्यांना काहीतरी सांगून हसवत होत्या. मी उभा राहिलो. नर्सबाई लगेच उठायला लागल्या. हिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग माझ्याकडं बघून म्हणाली, पंधरा मिनिटं थांबले.

रागानं नाही म्हणाली. मी खिशातला कागद बाहेर काढला, पण दाखवला नाही. पलीकडच्या ओळीत खांबामागं एक रिकामं टेबल होतं. तिथं बसलो. तिथून ही दिसते, पाठमोरी. भात गार होता. हळूहळू खाल्ला.

घड्याळ अगदी बरोबर आहे.